जुन्या गाडीसाठी रिम निवडताना: आधी मोजपट्टी, मग बाजार

रिम वाकली, गंजून टायरच्या कडेने हवा सुटायला लागली, किंवा गाडी रंगवून घेतल्यावर जुन्या काळ्या डिस्क (पत्र्याच्या रिम) डोळ्यांत खुपायला लागल्या, की मालक रिमच्या दुकानात जातो. दुकानदार गाडीचं नाव विचारतो, भिंतीवरची एक रिम उतरवतो आणि म्हणतो, "बसते साहेब, रोज बसवतो." बहुतेक वेळा ती बसतेही. कटकट नंतर सुरू होते. ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरतं, मागे तिघे बसले की मडगार्डच्या आत टायर घासतो, पावसाळ्यानंतर पुढच्या बेअरिंगमधून घुंईऽऽ असा आवाज यायला लागतो. चारही नट आवळले गेले एवढ्यावरून रिम गाडीला जुळली असं धरू नये.

नव्या गाडीचं माप कुठल्याही यादीत सापडतं. जुन्या गाडीचं तसं नाही. मारुती झेन १९९३ मध्ये आली आणि २००६ मध्ये बंद झाली. म्हणजे रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण झेनसुद्धा आता चांगलीच वयात आलेली आहे. मधल्या काळात तिचे तीन-चार मालक झालेले असतात, आणि त्यांपैकी एखाद्याने हौसेने चाकं बदललेली असतात. तुमच्या गाडीवर आज असलेली रिम मूळचीच आहे हे गृहीत धरणं ही पहिली चूक ठरते. म्हणून खाली जी मापं सांगितली आहेत ती शक्य तिथे रिमवरून न घेता हबवरून, म्हणजे चाक ज्या फिरत्या भागावर आवळलं जातं त्यावरून, घ्या. रिम बदललेली असू शकते, हब सहसा बदललेलं नसतं.

लागणारं सामान आणि सुरुवात

जॅक, दोन घोडे (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे स्टँड), व्हील पाना, तारेचा ब्रश, एक सरळ लोखंडी पट्टी आणि व्हर्निअर कॅलिपर. व्हर्निअर नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडून मागून आणा, दोन मिनिटांचं काम आहे. साध्या टेपने ही मापं घेऊ नका. इथे दोन मिलिमीटरचा फरकही पुरेसा घातक असतो, आणि टेपच्या टोकाचा हूकच थोडा हलतो.

सुरुवात कागदांपासून करा. मालकाच्या पुस्तिकेत टायरचं मूळ माप असतं. पुस्तिका हरवली असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं हवेच्या दाबाचं स्टिकर बघा. मग रिम. पत्र्याच्या रिमवर बाहेरून किंवा आतून, अलॉयवर (ओतीव मिश्रधातूच्या रिमवर) बहुधा मागच्या बाजूला आऱ्यावर, '४.५जे × १३' असं काहीतरी उमटवलेलं असतं. पहिला आकडा रिमची इंचातली रुंदी, दुसरा व्यास. 'जे' हा टायर बसतो त्या कडेचा आकार. पुढे 'ईटी' आणि एक आकडा असेल तर नशीब समजा, ते ऑफसेट आहे. त्यावर पुढे सविस्तर बोलू. 'एच २' असं लिहिलेलं असेल तर रिमच्या दोन्ही बाजूंना उंचवटे आहेत, म्हणजे ती ट्यूबलेस टायरसाठी योग्य आहे. फार जुन्या गाड्यांच्या रिमना हे उंचवटे नसतात. अशा रिमवर ट्यूबलेस टायर चढतो, हवाही धरतो, पण वळणावर दाब कमी असताना तो कडेवरून सरकण्याचा धोका राहतो. तिथे ट्यूब टाकणंच शहाणपणाचं.

पीसीडी: दोन मिलिमीटरचा सापळा

सगळ्या नटांच्या मध्यातून एक वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार स्टडच्या (स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेला, नट बसायचा आटेदार दांडा) गाडीत समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर घ्यायचं. मध्य शोधणं अवघड जातं, म्हणून एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. उत्तर तेच येतं. पाच स्टड असतील तर समोरासमोर स्टड नसतोच. तिथे शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर घेऊन १.७ ने गुणा.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांमध्ये काय सापडतं ते बघू. मारुती ८००, झेन, एस्टीम या गाड्या ४×११४.३ च्या, म्हणजे चार नट आणि पीसीडी ११४.३ मिलिमीटर. हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे साडेचार इंच. २००५ ची स्विफ्ट मात्र ४×१००. मारुतीची चाकं मारुतीला चालतात असं समजून झेनला स्विफ्टच्या रिम आणणारे लोक इथेच अडकतात. त्यातल्या त्यात बरं हे की या दोन्हींत फरक इतका आहे की रिम चढतच नाही, पैसे परत मागायला कारण मिळतं.

सँट्रो, अ‍ॅक्सेंट, इंडिका, पहिली होंडा सिटी ४×१००. फोर्ड आयकॉन ४×१०८. जिप्सी ५×१३९.७, म्हणजे साडेपाच इंच. आणि फियाट उनो, पॅलिओ, सिएना या ४×९८.

खरा सापळा या शेवटच्या आकड्यात आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या उनो आणि पॅलिओ अजूनही मुंबई-पुण्यात हौसेने जपलेल्या दिसतात. बाजारात ४×९८ च्या रिम शोधायला गेलं तर हाती येतात ४×१०० च्या. फरक व्यासात दोन मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बोल्टला एकच मिलिमीटर. चार बोल्ट थोडे थोडे करून आवळले की जातात. पण ते सरळ जात नाहीत, किंचित तिरके बसतात. बोल्टचं डोकं रिमच्या निमुळत्या बैठकीवर एकाच बाजूने टेकतं, प्रत्येक फेरीला बोल्ट वाकतो आणि सरळ होतो, आणि एक दिवस थकून तुटतो. शिवाय रिम हबच्या मध्यावर बसत नसल्यामुळे थरथर राहते ती राहतेच. बॅलन्सिंगने ती जात नाही, कारण मशीनवर चाक बरोबर मध्यावर फिरतं, गाडीवर फिरत नाही.

या दोन मिलिमीटरसाठी सरकत्या बैठकीचे खास बोल्ट मिळतात. परदेशात ते नामांकित कंपन्या बनवतात आणि फियाटवाले वापरतातही. पण आपल्या बाजारात 'तेच आहेत' म्हणून पुडीत बांधून मिळणाऱ्या मालावर मी माझं चाक सोपवणार नाही. फियाटवाल्यांनी सरळ फियाटच्याच रिम शोधाव्यात.

आठ भोकांच्या अलॉय रिम इथे सर्रास मिळतात, ४×१०० आणि ४×११४.३ दोन्हींसाठी एकच रिम. कारखान्यातच अशी बनवलेली असेल तर त्यात काही वावगं नाही, दिसायला थोडी गिचमिड वाटते इतकंच. मात्र जुन्या चार भोकांच्या रिमला लेथवर किंवा ड्रिल मशीनवर नवी चार भोकं पाडून मिळणारी रिम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. भोकांच्या मधला धातू किती उरला हे कोणी मोजलेलं नसतं.

मधलं भोक

हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो आणि रिमचं मधलं भोक त्यावर नेमकं चढतं. बहुतेक गाड्यांमध्ये चाक बरोबर मध्यावर आणण्याचं काम हा उंचवटा करतो. नट फक्त दाबून धरतात. होंडा सिटीचं हब ५६.१ मिलिमीटरचं, स्विफ्ट आणि सँट्रोचं ५४.१ चं, उनोचं ५८.१, आयकॉनचं साधारण ६३.४. तुमचा आकडा व्हर्निअरने हबवर मोजा, गंज खरवडून काढल्यावर. गंजाचा थर सहज अर्धा मिलिमीटर खोटं बोलतो.

यातून एक गंमत लक्षात येते. सिटी आणि स्विफ्ट दोन्ही ४×१००. स्विफ्टची रिम सिटीवर जाणार नाही, कारण भोक लहान पडतं. सिटीची रिम स्विफ्टवर जाईल, पण दोन मिलिमीटर ढिली. पहिल्या बाबतीत लेथवाला भोक मोठं करून देतो म्हणतो. पत्र्याच्या रिममध्ये ते करूच नये. दुसऱ्या बाबतीत उपाय सोपा आहे: हब रिंग.

बाजारात मिळणाऱ्या अलॉय रिम जाणूनबुजून मोठ्या भोकाच्या बनवतात, ७३.१ हे त्यातलं फार चालणारं माप, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते. मधली फट भरायला बाहेरून ७३.१ आणि आतून तुमच्या हबच्या मापाची रिंग हवी. दुकानदार ती देत नाही, मागावी लागते. प्लास्टिकची चालते, ब्रेक फार तापतात अशा घाटरस्त्यांवर नेहमी जाणं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची बरी, पण तिला बसवताना ग्रीसचा पातळ हात फिरवा, नाहीतर कोकणात दोन पावसाळ्यांनंतर ती हबला अशी चिकटते की काढायला छिन्नी लागते. रिंगशिवाय रिम बसवली तर गाडी चालते का? चालते. मध्य साधायचं काम मग नटांच्या उतारावर पडतं आणि प्रत्येक वेळी चाक काढून लावताना थोडं इकडे-तिकडे होतं. काही शे रुपयांसाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

टायरचं गणित आधी, रिमचा व्यास नंतर

मोठी रिम हवी असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ठरवायचं टायरच्या बाहेरच्या व्यासावरून. झेनचा मूळ टायर १४५/७० आर १३ घ्या. रुंदी १४५ मिलिमीटर, तिचे ७० टक्के म्हणजे १०१.५ ही टायरच्या भिंतीची उंची. ती वर आणि खाली मिळून २०३. त्यात १३ इंचांचे ३३०.२ मिळवा. एकूण ५३३.२ मिलिमीटर.

आता पर्याय ताडून बघू. १५५/६५ आर १३ चा व्यास येतो ५३१.७, फरक जवळपास नाहीच. १६५/६५ आर १३ चा ५४४.७, म्हणजे २.२ टक्के जास्त. १५५/६५ आर १४, जो नंतरच्या वॅगन आरमुळे कुठेही मिळतो, त्याचा ५५७.१, म्हणजे साडेचार टक्के जास्त. मूळ व्यासाच्या वर-खाली तीन टक्क्यांच्या आत राहावं हा सगळीकडे पाळला जाणारा ठोकताळा आहे. साडेचार टक्क्यांना स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०४ च्या पुढे असते, किलोमीटर कमी नोंदले जातात, आणि जुन्या छोट्या इंजिनाला चढावर पहिला-दुसरा गिअर जड वाटायला लागतो. झेनला १४ च्या रिम लावलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात, मान्य. त्यांच्या मडगार्डच्या आतलं प्लास्टिकही एकदा बघून घ्या.

उलट बाजूही बघा. रिम मोठी आणि टायर बसका करून व्यास जुळवता येतो, पण मग टायरची भिंत पातळ होते आणि आपल्या खड्ड्यांचा मार थेट रिमला बसतो. माझं स्पष्ट मत असं की रोजच्या वापराच्या जुन्या गाडीला मूळ व्यासाचीच रिम ठेवावी, फार तर अर्धा इंच रुंद घ्यावी. सस्पेन्शनचे बुश, बेअरिंग, स्टिअरिंग रॅक हे सगळं मूळ चाकाच्या हिशोबाने बनलेलं असतं आणि आता म्हातारंही झालेलं असतं.

रुंदीलाही मर्यादा आहे. प्रत्येक टायरला कंपनीने कमाल आणि किमान रिमची रुंदी ठरवून दिलेली असते. १७५/६५ ला ५ ते ६ इंच, १८५/६० ला ५ ते ६.५ इंच. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची फॅशन अधूनमधून येते. तसा टायर रिमची कड झाकत नाही, आणि पहिल्याच फुटपाथला अलॉयची कड जाते.

टायर घेताना भाराचा निर्देशांकही बघा. मापापुढे ७१ लिहिलं असेल तर तो टायर ३४५ किलो पेलतो, ७५ असेल तर ३८७, ७९ असेल तर ४३७. मूळ आकड्यापेक्षा कमी चालत नाही.

ऑफसेट, म्हणजे सगळ्यात दुर्लक्षित आकडा

रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा कल्पा. रिम हबला ज्या सपाट जागेवर टेकते, ती जागा या रेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, ते ऑफसेट. टेकायची जागा बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन, आणि आपल्या जवळपास सगळ्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांमध्ये तो धनच असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक आत. जितका लहान तितकं चाक बाहेर.

दुकानात हा प्रश्न विचारला की बऱ्याचदा "त्याने काही होत नाही" असं उत्तर मिळतं. होतं. उदाहरण करून बघा. समजा मूळ रिम ४.५ इंची, ईटी ४०. तुम्ही घेताय ५.५ इंची, ईटी ३५. मूळ रिमची अर्धी रुंदी ५७ मिलिमीटर, त्यातून ४० गेले, बाहेरची कड टेकायच्या जागेपासून १७ मिलिमीटरवर. नव्या रिमची अर्धी रुंदी ७० मधून ३५ गेले, बाहेरची कड ३५ वर. म्हणजे चाक बाहेर सुमारे १८ मिलिमीटर आलं. आतल्या बाजूला ५७ अधिक ४० म्हणजे ९७, आणि नवीन ७० अधिक ३५ म्हणजे १०५. आतही ८ मिलिमीटर सरकलं. आता गाडीजवळ बसा आणि बघा, मडगार्डच्या कडेपर्यंत बाहेर १८ आणि शॉकअपपर्यंत आत ८ मिलिमीटर जागा शिल्लक आहे का. टायर रुंद घेतलात तर त्याची वाढलेली रुंदी यात धरायला हवी.

घासत नसलं तरी मूळ ऑफसेटपासून फार लांब जाऊ नका. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवरचा भार तिरका होतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं, आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू लागते. पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. दहाच्या पुढे गेलं तर दुसरी रिम शोधतो. रिम आणि हबच्या मध्ये चकत्या, म्हणजे स्पेसर, टाकून हे जमवण्याचा सल्ला मिळेल. सुटी चकती टाकली की नटाला मिळणारे आटे तेवढे कमी होतात, आणि हबचा उंचवटाही रिमपर्यंत पोचत नाही. नकोच.

रिमवर ईटी लिहिलेलं नसेल तर असं काढा. रिम पालथी घाला, मागच्या दोन्ही कडांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवा. पट्टी रिमच्या कडेवर टेकली पाहिजे, टायरवर नाही. पट्टीपासून खाली टेकायच्या सपाट जागेपर्यंतचं अंतर मोजा. मग कडेपासून कडेपर्यंत रिमची एकूण बाहेरची रुंदी मोजा. ती लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त भरते. पहिल्या मापातून एकूण रुंदीचं अर्धं वजा करा. पट्टीपासून ११० मिलिमीटर आणि एकूण रुंदी १४० आली तर ऑफसेट ४०. जुन्या बाजारात हे जमिनीवर उकिडवं बसून करताना विक्रेता हसेल. हसू द्या.

नट, बोल्ट आणि त्यांची बैठक

जपानी आणि कोरियन गाड्यांना हबवर स्टड आणि वरून नट. फियाट, स्कोडा अशा युरोपीय गाड्यांना सरळ हबमध्ये जाणारे बोल्ट. दोन्हींत तीन गोष्टी जुळायला हव्यात.

एक, आटे. मारुतीचे स्टड १२ मिलिमीटर, आटे १.२५ चे, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. होंडा, टोयोटा, ह्युंदाईचे १२ मिलिमीटर, पण आटे १.५ चे. फियाटचे बोल्ट १.२५ चे. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर दोन-तीन फेऱ्या हाताने जातो आणि मग अडतो. तिथे पान्याला पाईप लावून जोर करणारे महाभाग असतात. स्टडचे आटे तिथेच संपतात. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे.

दोन, बैठकीचा आकार. बाजारातल्या अलॉय बहुतेक ६० अंशांच्या निमुळत्या बैठकीच्या असतात. होंडाच्या कंपनीच्या रिमची बैठक गोलाकार असते. टोयोटाच्या काही अलॉयना चपट्या वॉशरचे नट लागतात. होंडाचा गोल नट निमुळत्या भोकात बसवला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो, सुरुवातीला घट्ट वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. सगळ्या मुद्द्यांपैकी हा डोळ्यांना सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात धोकादायक. रिम विकत घेताना तिच्यासोबतचे नट मागून घ्या आणि नट भोकात ठेवून बैठक पूर्ण टेकते का ते उजेडात बघा.

तीन, लांबी. अलॉयची जाडी पत्र्यापेक्षा जास्त असते, म्हणून जुने नट-बोल्ट अपुरे पडतात. बोल्टच्या जाडीइतके तरी आटे गुंतले पाहिजेत, म्हणजे १२ मिलिमीटर: १.५ च्या आट्यांना आठ पूर्ण फेऱ्या, १.२५ ला जवळपास दहा. फेऱ्या मोजा, तोंडाने. बोल्ट जास्त लांब असला तर मागे ड्रमच्या आत ब्रेकला घासू शकतो. बसवल्यावर चाक हाताने फिरवून कान द्या.

पत्रा की अलॉय

खड्ड्यात पत्र्याची रिम वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉय एका मर्यादेपर्यंत काहीच दाखवत नाही आणि मग तडकते. गावाकडे रोज जाणं-येणं असेल, गाडी काम करणारी असेल, तर पत्रा घ्या, पावडर कोटिंग करून घ्या, मोकळे व्हा. अलॉय हवीच असेल तर उत्तम पर्याय बाजारातली नवी झकपक रिम नसून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेली अलॉय. तिचं पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, सगळं आपोआप जुळतं. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने फिरलं तर असे संच मिळतात.

नवी अलॉय घेताना मागच्या बाजूचे शिक्के वाचा. 'जेडब्ल्यूएल' आणि 'व्हीआयए' हे जपानी चाचण्यांचे, 'टीयूव्ही' जर्मन. भारतात अलॉय रिमसाठी आयएस १६१९२ हा मानक आहे आणि केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. शिक्का धातूतच ओतलेला असावा. स्टिकरला किंमत नाही. सोबत कमाल भार किलोमध्ये दिलेला असतो. तो गाडीच्या जास्त भार असलेल्या आसाच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या निम्म्यापेक्षा कमी नको.

वापरलेली रिम घेताना टायर उतरवूनच बघा. आतला घेर ओल्या फडक्याने पुसून भोवती बोट फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा, अलीकडेच मारलेला जाड रंग, आऱ्याच्या मुळाशी केसासारखी रेघ, यांपैकी काहीही दिसलं की ती रिम परत ठेवा. मग टायरवाल्याकडे बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून घ्या आणि कडेजवळ स्क्रू ड्रायव्हर स्थिर धरा. फट एक मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर ती वाकलेली आहे. विक्रेत्याला हे करू द्यायचं नसेल तर त्यातच उत्तर आलं.

कागदोपत्री बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचा कडक अर्थ लावला. मूळ मापाची रिम बदलणं हा देखभालीचा भाग. मडगार्डबाहेर आलेली चाकं मात्र पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला निरीक्षकाच्या नजरेत येतात. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी हे दिव्य करायचं असतं. अलॉय नंतर बसवल्या असतील तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, नाहीतर नुकसानीच्या वेळी अलॉयचे पैसे मिळणं अवघड.

पैसे देण्याआधी एक रिम बसवून बघा

टायर न चढवलेली एकच रिम आधी पुढे बसवा. टायर चढला की दुकानदार ती परत घेत नाही. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या कॅलिपरवर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या भागावर) मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती एक चिमूट लावा, नट आवळा, चाक एक फेरी फिरवा आणि काढून मातीची जाडी बघा. तीन मिलिमीटर तरी उरली पाहिजे. अलॉयचे आरे अनेकदा इथेच अडतात, आणि कॅलिपर थोडं घासून घेण्याचा सल्ला देणाऱ्याच्या गॅरेजमध्ये पुन्हा जाऊ नये.

मग मागे. टायरसह एक चाक लावा, मागच्या सीटवर तिघांना बसवा, डिकीत गहू-तांदळाची पोती टाका आणि अंगणातल्या उंचवट्यावरून हळू न्या. पुढचं चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मडगार्डच्या आतलं अंतर बघा. सगळं ठीक असेल तरच बाकीचे तीन टायर चढवायला सांगा.

बसवताना हबचा सपाट भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाची एक खपली चाक तिरकं ठेवायला पुरते. पिचलेले, आटे गेलेले स्टड आत्ताच बदला, काम उघडलेलंच आहे. चाक हवेत असताना वर-खाली धरून हलवा. खळखळ जाणवली तर बेअरिंगचा दोष आधी काढा, नाहीतर पुढे सगळा आळ नव्या रिमवर येईल. व्हॉल्व्ह नवे टाका. नट समोरासमोरच्या जोडीने, दोन टप्प्यांत, शेवटचा टप्पा चाक जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायच्या पान्याने). आकडा पुस्तिकेतला घ्या: मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण ८५ न्यूटन मीटर, होंडाला १०८. हवेच्या गनने आवळून 'झालं' म्हणणाऱ्याला थांबवा. स्टडवर ग्रीस लावू नका, त्याने त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा सगळे नट तपासा; अलॉयमध्ये ते थोडे बसतात.

स्टेपनी राहिली. ती बहुधा जुन्या पत्र्याच्या डिस्कवरच राहते आणि तसं चालतं, फक्त तिच्या टायरचा व्यास बाकीच्या चाकांच्या जवळपास हवा. अलॉयचे नट पत्र्याच्या रिमला चालतात का ते घरीच एकदा स्टेपनी लावून बघा. बैठक किंवा लांबी वेगळी असेल तर जुने चार नट एका पिशवीत घालून जॅकसोबत डिकीत ठेवा, आणि गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला देताना त्या पिशवीबद्दल सांगा.